जागाल्चीचा मासळीबाजार, माझ्या आयच्या नजरेनं

मासेमारीची बंदी लागली त्याच आठवड्यात आम्ही आयला घेऊन दक्षिण कोरियातल्या बुसानला गेलो. एरवी तिला बाजारातून चार दिवस उठवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. ती ६९ वर्षांची आहे, दादरच्या बाजारात ४१ वर्षं मासे विकते. माझं लग्न लागलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन जागेवर बसली होती, कारण गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही. जून-जुलैत मात्र होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, बाजारात बर्फातला माल असतो, आणि आय घरात बसून कंटाळते. माझी लेक दोन वर्षांपासून बुसानला मत्स्यविज्ञानात एम.एस. करते. तिनंच फोनवर सांगितलं, "आजी, इथे एक बाजार आहे, तो तुला दाखवल्याशिवाय मी परत येणार नाही." त्या एका वाक्यावर आय तयार झाली.

हे परीक्षण त्या बाजाराचं, म्हणजे जागाल्चीचं, आणि तो ज्या जुंग-गू नावाच्या विभागात आहे त्याचं. बुसानला जाणारे आपले बहुतेक लोक हेउंदेच्या किनाऱ्यावर उतरतात आणि जागाल्चीला अर्धा दिवस देतात. माझं सांगणं उलट आहे. हेउंदेला अर्धा दिवस द्या, मुक्काम जुंग-गूत करा, आणि जागाल्चीला किमान तीन सकाळी द्या. का, ते पुढे सांगते.

जुंग-गू म्हणजे शब्दशः मधला विभाग. क्षेत्रफळ जेमतेम २.८ चौरस किलोमीटर, सगळ्या बुसानमध्ये सर्वांत लहान. आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास, लोहार चाळ आणि भाऊचा धक्का हे सगळं एका चालीत यावं, तसं. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधे जी चिंचोळी पट्टी उरली तिच्यात मासळी, कापड, जुनी पुस्तकं, भांडी, चष्मे, सगळं कोंबलेलं. आम्ही नाम्पो-दोंगमध्ये एका साध्या लॉजवर राहिलो. खोली लहान, पण स्वच्छ, लिफ्ट होती, आणि बाजार सात मिनिटांच्या पायी अंतरावर. आयचे गुडघे बघता मला एवढंच हवं होतं.

मेट्रोनं येणार असाल तर लाइन १, जागाल्ची स्टेशन, १० नंबरचा दरवाजा. बाहेर पडून समुद्राच्या दिशेनं गल्लीत वळलं की बाजार सुरू. पण आमची पहिली सकाळ चुकली, तुमची चुकू नये म्हणून सांगते. बाजाराची मोठी इमारत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी बंद असते. आम्ही नेमके पहिल्या मंगळवारी गेलो. लेक हिरमुसली. आयला मात्र काहीच वाटलं नाही, कारण इमारतीच्या बाहेर रस्त्यावरच्या काही बायका बसलेल्या होत्या आणि तिचं लक्ष तिकडेच गेलं होतं. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "वास बरा हाय."

जे कोळीवाड्यात वाढले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मासळीबाजाराला वास असतोच, पण ताज्या बाजाराचा वास समुद्राचा असतो, शिळ्या बाजाराचा वास गटाराचा. आय कुठल्याही बाजारात शिरण्याआधी हे बघते. जागाल्चीत समुद्राचा वास येतो. आम्ही पाच वेळा गेलो, सकाळी सहाला गेलो तसेच संध्याकाळी सातलाही गेलो, वास बदलला नाही. संध्याकाळपर्यंत वास तोच राहतो याचा अर्थ तिथे पाणी आहे, उतार आहे, आणि धुणारे हात आहेत.

रस्त्यावर बसणाऱ्या या बायकांना बुसानच्या बोलीत जागाल्ची आजिमे म्हणतात. पण गिऱ्हाईक त्यांना हाक मारतं ते "इमो" अशी. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी! लेकीनं हे सांगितलं तेव्हा आय एकदम तिच्याकडे वळली. तिलाही गेली ४१ वर्षं सगळी दादर-माटुंग्याची गिऱ्हाइकं मावशीच म्हणतात. त्यानंतर तीन दिवस तिनं दुसरा कोरियन शब्द शिकायचा प्रयत्न केला नाही, "इमो" म्हणायची आणि बोटानं दाखवायची. एवढ्यावर भागलं.

मालाबद्दल बोलते. पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते वाकटी. तिकडे तिला काल्छी म्हणतात. आपल्याकडे वाकटी म्हणजे वाळवायची, नाहीतर स्वस्तात जेवणाला जोड. तिकडे ती मानाची मासळी आहे. खोक्यात सरळ, एकीला एक चिकटून, अंगावरची चांदी जराही न खरवडलेली, आरशासारखी. आणि भाव ठरतो तो बोटांवर. मासा तीन बोटं रुंद की चार बोटं रुंद, यावर प्रत. त्या बाईनं चार बोटं वाकटीवर आडवी ठेवून दाखवली. आयनं तिच्या शेजारी आपली चार बोटं ठेवली. आयची बोटं जाड, सांधे सुजलेले. त्या बाईचीही तशीच. दोघींनी एकमेकींच्या बोटांकडे जरा वेळ बघितलं. मी फोटो काढला नाही, काढायला हवा होता असंही आता वाटत नाही.

दुसरा मासा कोदुंगओ, आपल्या बांगड्याचा भाऊबंद, पाठीवर नागमोडी रेघा असलेला. बुसाननं हा मासा आपल्या शहराचं चिन्ह म्हणून निवडलाय. तो चिरून, मीठ लावून, दोन-दोनचे जोड करून ठेवलेला असतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक टोपलीसमोर पुठ्ठ्यावर मासळी कुठून आली ते लिहिलेलं असतं, तसा तिथे नियमच आहे. बांगड्याच्या बऱ्याच टोपल्यांवर नॉर्वे लिहिलेलं होतं. तिथलाच हवा असेल तर "कुक्सान?" एवढं विचारा. कुक्सान म्हणजे देशातला माल. खोटं सांगत नाहीत, पुठ्ठ्यावर बोट ठेवतात. आयला ही रीत फार आवडली. तिचं म्हणणं, बर्फातला माल बर्फातला म्हणून विकण्यात कमीपणा नाही, ताजा म्हणून विकण्यात आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो तो सुक्या मासळीच्या गल्लीत. इमारतीपासून यंगदोच्या पुलाकडे चालत गेलं की सुक्या मालाची दुकानं लागतात. खोकेच्या खोके मासोळ्या, आपल्या मांदेलीच्या कुळातल्या, बोटाच्या पेरापासून ते वीतभर लांबीपर्यंत, आकाराप्रमाणे वेगळ्या केलेल्या. बारीक त्या परतून खायला, मोठ्या त्या पाण्यात उकळून कढणासाठी. सुकं माकूल दोरीवर टांगलेलं. समुद्री शेवाळाचे कागदासारखे गठ्ठे. सुका पोलॅक, लाकडासारखा कडक. आणि एका दुकानात पिंपं होती, त्यातल्या एकात मिठात मुरलेली, गुलाबीसर, बारीक बारीक कोलंबी.

आय थांबली. वाकून बघितलं. "यो जवला हाय गो."

लेक म्हणाली, "आजी, याला सेउजोत म्हणतात, किमचीत घालतात." मग तिला स्वतःलाच लक्षात आलं, आणि ती तिच्या कॉलेजच्या भाषेत सांगायला लागली: जवळा ज्या असेटिस वंशातला, त्याच वंशातली ही कोलंबी, जात तेवढी वेगळी. आपण उन्हात वाळवतो, हे मिठात मुरवतात. दोन वर्षं ती हे शिकतेय, आणि आजीनं पिंपात एकदा बघून सांगितलं. दुकानातल्या बाईनं टूथपिकवर चार दाणे घेऊन आयच्या हातावर ठेवले. आयनं ते जिभेवर ठेवले, डोळे मिटले. "मीठ लय हाय. पन जवलाच." त्या बाईला यातलं काही कळलं नसणार, पण ती हसली आणि तिनं आयला बसायला आपलं बुटकं स्टूल पुढे केलं. आम्ही तिच्याकडून काही विकत घेतलं नाही, ओलं लोणचं विमानातून कसं नेणार, तरी अर्धा तास तिथे बसलो. गिऱ्हाईक आलं की आय स्टूल बाजूला सरकवायची, गेलं की पुन्हा पुढे घ्यायची. दुकान कुणाचंही असो, गिऱ्हाइकाच्या वाटेत बसायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे.

आता इमारत. २००६ मध्ये उघडली, छप्पर उडणाऱ्या सीगलसारखं आहे. तळमजल्यावर जिवंत मासळीच्या टाक्या, वर जेवायची जागा. पद्धत अशी: खाली मासा निवडायचा, तो तिथेच कापतात, मग तुम्ही वर जाऊन बसायचं. वरती माणशी वेगळे पैसे घेतात, त्याला सांगचारिम-बी म्हणतात, म्हणजे पान मांडण्याचे पैसे. त्यात पालेभाजीची पानं, लसूण, हिरवी मिरची, तिखट-आंबट चटणी येते. भात वेगळा. उरलेल्या काट्याचं आणि डोक्याचं तिखट कालवण, माएउनथांग, त्याचेही वेगळे. आम्ही ज्या ठिकाणी बसलो तिथे हे आधी नीट सांगितलं नाही, आणि बिलाच्या वेळी आकडा आम्ही धरला होता त्याच्या जवळपास दीडपट निघाला. लेकीनं वाद घातला, थोडे कमी झाले. सगळीकडे असं होतं असं मी म्हणणार नाही, आम्ही दुसऱ्यांदा जिथे बसलो तिथे बाईनं आधीच कागदावर सगळे आकडे लिहून दिले. म्हणून माझा सल्ला: खाली मासा तोलायच्या आधी किलोचा भाव लिहून घ्या, वर बसायच्या आधी माणशी किती, भात किती, कालवण किती, हे लिहून घ्या. मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवला तरी पुरतं. लाजू नका. आपल्या बाजारात भाव विचारायला कोणी लाजतं का?

टाक्यांमध्ये पसरट मासे, आपल्या लेपीचे मोठे नातेवाईक, शिवाय खडकातले मासे, खेकडे, ऑक्टोपस, अबालोन, शिंगांसारखे उंचवटे असलेला लालभडक मेओंगे नावाचा समुद्री जीव. टाक्यांत खारं पाणी अखंड खेळतं असतं. आयनं टाकीतली मासळी फारशी बघितली नाही. ती नळ्या बघत होती. "पानी कठशी येतं गो हे?" एका विक्रेत्याला लेकीनं विचारलं, त्यानं समुद्राकडे हात केला, मग खालच्या पाइपांकडे. आयनं ते पाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत जाऊन बघितले, जमिनीतली पन्हळ बघितली, तिच्यावरची जाळी पायानं दाबून बघितली. मग काही न बोलता परत आली.

कच्चा मासा, ज्याला ते ह्वे म्हणतात, तो मी आणि लेकीनं खाल्ला. पातळ काप, पानात गुंडाळायचे, लसणाची चकती, तिखट चटणी, एका घासात तोंडात. चव जवळजवळ नाहीच, सगळी मजा चावण्यात आहे. चांगलं होतं. पण खरं सांगायचं तर मला कालवण जास्त आवडलं. मुळा, मिरचीची पूड, हिरव्या पातीचा सुगंध, आणि डोक्यातला ऐवज. आंबटपणा नाही, तेवढं एक. आयनं कच्च्याला हात लावला नाही. कोळणीला कच्चा मासा खायला घालणं म्हणजे तिच्या चुलीवर पाणी ओतण्यासारखं, हे मला आधीच कळायला हवं होतं. तिच्या पिशवीत कोळी मसाल्याची छोटी बाटली होती. तिनं कालवणात चिमूटभर टाकला, ढवळलं, आणि मग दोन वाट्या प्याली.

तिला मनापासून आवडलं ते भाजलेल्या मासळीचं जेवण. बाजाराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत खास त्याचीच लहान लहान जेवणघरं आहेत, काचेपलीकडे तव्यावर मासे तळताना-भाजताना दिसतात. एका ताटात वाकटी, मीठ लावलेला बांगडा, एखादा ढोम्याच्या जातीचा मासा, भात, पातळ कढण, पाच-सहा वाट्या तोंडीलावणं. आम्हाला माणशी १२,००० वॉन पडले, त्या वेळच्या हिशोबानं साडेसातशे रुपयांच्या आसपास. मीठ तेवढंच, मसाला काही नाही, आणि मासा इतका ताजा की काही नको होतं. आयनं वाकटीचा काटा एका बाजूनं धरून अख्खा सांगाडा असा उचलला की शेजारच्या टेबलावरचे आजोबा बघतच राहिले.

एक इशारा. कोमजांगओ नावाचा एक बिनजबड्याचा, ईलसारखा दिसणारा जीव तिथे कोळशावर तिखट लावून भाजतात. याची कातडी पूर्वी चामड्याच्या वस्तूंना वापरत आणि मांस गरिबांच्या पोटात जाई. आता तो तिथला मानाचा पदार्थ आहे. चव चांगली असेल, पण तो समोर जिवंत सोलतात. लहान मुलं बरोबर असतील तर ती गल्ली टाळा. आयसुद्धा तिथून लगबगीनं निघाली.

शाकाहारी मंडळींसाठी: जागाल्ची तुमच्यासाठी नाही, नुसतं फिरायला या. लेकीची एक मैत्रीण शाकाहारी आहे, ती आमच्याबरोबर होती. रस्ता ओलांडून चित्रपट महोत्सवाच्या चौकात गेल्यावर तिला सीआत होत्तोक मिळाला. तेलात तळलेली गोड पोळी, मधे कात्री लावून त्यात भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या बिया भरतात. गरम, बोटं भाजतात, पण उत्तम. बाकी साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही मासोळ्यांचं कढण असू शकतं, तेव्हा विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

या चौकाचीही एक गोष्ट आहे. बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९६ मध्ये इथल्या थिएटरांत सुरू झाला, जमिनीत कलावंतांच्या हातांचे ठसे अजून आहेत. पुढे महोत्सवाचा मुख्य मांडव हेउंदेकडच्या नव्या वस्तीत गेला. महापालिकेची मुख्य कचेरीही याच विभागात होती, तीही १९९८ मध्ये दुसरीकडे गेली. तिच्या जागी आता मोठं डिपार्टमेंट स्टोअर उभं आहे. साहेब गेले, सिनेमावाले गेले. मासळीवाल्या बायका शहराच्या मधोमध, समुद्राला लागून, आपल्या जागी बसून आहेत. जुंग-गू मला आवडलं याचं कारण हे आहे.

त्या तिथे कशा आल्या, तेही थोडं सांगायला हवं. बुसानचं बंदर परकी व्यापाराला उघडलं १८७६ मध्ये. आपला ससून डॉक १८७५ चा. एका वर्षाचं अंतर! आयच्या आज्यानं ससून डॉकवर पाट्या उचलल्या होत्या, त्यामुळे हे वर्ष आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जागाल म्हणजे वाळूतले गोटे, खडी. किनाऱ्यावर त्या खडीत बसून मासळी विकायचे, तेच नाव राहिलं. मग १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटलं. उत्तरेकडून लाखो माणसं जीव घेऊन दक्षिणेच्या या टोकाला आली, बुसान काही काळ देशाची हंगामी राजधानी झालं. हातात काही नव्हतं तेव्हा बायका किनाऱ्यावर बसल्या आणि मासळी विकून घरं चालवली. बाजाराच्या मागचा कुकजे बाजार, त्यापुढची बोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली, हे सगळंही त्याच वर्षांत वाढलं. पुस्तकांच्या गल्लीची सुरुवात एका निर्वासित जोडप्यानं जुनी मासिकं मांडून केली, असं सांगतात. आता तिथली बरीच दुकानं मिटलेली दिसली, पण जी उघडी आहेत त्यांत पुस्तकं छतापर्यंत रचलेली आहेत.

शनिवारी दुपारी यंगदोचा पूल बघायला गेलो. १९३४ चा हा पूल, खालून जहाजं जावीत म्हणून त्याचा एक भाग वर उचलला जायचा. १९६६ पासून उचलणं बंद झालं, आणि नव्यानं बांधून २०१३ मध्ये परत सुरू झालं. आता शनिवारी दुपारी दोनला उचलतात. निघण्याआधी वेळ एकदा बघून घ्या. गाड्या थांबतात, भोंगा वाजतो, आणि रस्ता हळूहळू उभा राहतो, वरचे पांढरे पट्टेही आभाळाकडे जातात. लोक टाळ्या वाजवतात. लेकीनं आजीला सांगितलं की युद्धात ताटातूट झालेल्या माणसांना बुसानमधलं एवढंच नाव माहीत होतं, म्हणून निघताना एकमेकांना सांगायचे, यंगदोच्या पुलावर भेटू. मग इथे येऊन दिवसेंदिवस वाट बघायचे. पुलाखाली ज्योतिषी बसायचे, माणूस जिवंत आहे की नाही ते विचारायला रांगा लागायच्या.

आय कठड्याला धरून उभी होती. "मंग भेटली का गो ती लोकां?"

लेकीला उत्तर देता आलं नाही. पूल परत आडवा होईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो. माझे काका १९८० च्या आसपास होडीतून परत आले नाहीत, आणि माझी आजी कितीतरी वर्षं संध्याकाळी वरळीच्या किल्ल्याकडे जाऊन उभी राहायची. आय त्याबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही.

योंगदूसान टेकडीवरच्या १२० मीटरच्या मनोऱ्यावर मी एकटी जाऊन आले. टेकडीवर जायला सरकते जिने आहेत, म्हणून आय निम्म्यापर्यंत आली, झाडाखाली बसली. वरून बंदर, पूल, बाजाराचं छप्पर सगळं दिसतं. जमलं तर जा, नाही जमलं तर रुखरुख लावून घेऊ नका. चाळीस पायऱ्यांच्या रस्त्यावरही फेरी मारली, तिथे निर्वासितांच्या दिवसांतले पुतळे आहेत. चुरमुऱ्यांसारखे तांदूळ फुगवणाऱ्या यंत्राशेजारी कान झाकून उभी असलेली पोरं मला आवडली. बुप्योंगच्या कांग्थोंग बाजारात रात्री खायला जातात, आम्ही गेलो, गर्दी फार होती, लवकर निघालो.

तक्रारी आहेत. इंग्रजी फार थोड्यांना येतं, आमच्याबरोबर लेक नसती तर निम्मी मजा गेली असती. बाजारातली जमीन सतत ओली असते, वयस्कर माणसांना रबरी तळाचे बूट घालूनच न्या. बसायला बाक कमी. आणि आपली पर्यटक मंडळी बायकांच्या तोंडासमोर मोबाइल धरतात, ते बघून मला वाईट वाटलं. काम करणाऱ्या बाईला आधी विचारावं, किंवा तिच्याकडून काही घ्यावं. आमच्याकडेही लोक येऊन आयच्या नथीचे फोटो काढतात आणि पापलेटाचा भावही न विचारता निघून जातात.

तरीही पाचपैकी पाच. मी आधी साडेचार लिहिले होते, बिलाच्या वादामुळे. नंतर ते पाइप आठवले. आमच्याकडच्या एका मंडईत, नाव लिहीत नाही, नळ सहा महिने कोरडा होता आणि बायका घरून कॅनमध्ये पाणी आणायच्या. गटार तुंबलं की सगळ्या बाजाराला "घाण" म्हणायचं आणि बाजारच दूर हलवायचा विचार सुरू. जागाल्चीत मी बघितलं की पाणी, उतार, उजेड आणि बर्फ दिला की मासळीबाजार शहराच्या मध्यात राहू शकतो, आणि लोक तो बघायला विमानानं येतात. त्याला अर्धा गुण कमी देणं माझ्या मनाला पटलं नाही.

शेवटच्या सकाळी आयनं खरेदी काढली. मला वाटलं सुकी मासोळी घेईल. ती घेतली, पण आधी कुकजे बाजारात गेली. तिनं पहिल्या दिवसापासून एक गोष्ट हेरून ठेवली होती. तिथल्या सगळ्या बायकांच्या हातात कोपरापर्यंत येणारे गुलाबी रबरी हातमोजे होते, काहींचे आतून मऊ अस्तर असलेले, बर्फात हात घातला तरी गारठा लागत नाही असे. भांड्यांच्या दुकानात तिनं ते हातात चढवून बघितले, मुठी वळल्या, उघडल्या. दहा जोड घेतले, आणि भाव केला. भाषा येत नसताना कसा केला ते मला अजून कळलेलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, बाजार भरला. मी रविवारी दादरला गेले तेव्हा आयच्या रांगेतल्या दहापैकी नऊ जणींच्या डाव्या हातात गुलाबी मोजा होता. डाव्या हातानं बर्फातून मासा काढायचा. उजव्यात कोयता, आणि कोयत्याला उघडा हातच लागतो. फक्त कोपऱ्यातली एक मावशी डावरी आहे, तिनं उजवा घातला होता. उरलेले मोजे आयनं धुऊन, वाळवून, पाटीखाली पिशवीत ठेवलेत. आता लेकीला निरोप गेलाय की पुढच्या वेळी येताना फक्त डावे मिळतात का ते विचार.